पावसाळ्यात मारलेलं वार्निश

ज्यांच्या घरी न रंगवलेल्या सैनिकांची खोकी पडून आहेत आणि ज्यांच्या गावी पाऊस एकदा लागला की पोळ्यापर्यंत हटत नाही, अशांसाठी हे लिहिते आहे. मेळघाटात, सेमाडोहला शाळेतल्या नोकरीसाठी राहत असताना मी टेबलावरच्या युद्धखेळाची एक अख्खी फौज रंगवली आणि त्यातला मोठा भाग स्वतःच्या हातांनी नासवला. रंग कसा द्यावा हे सांगणारे पुष्कळ भेटतात. काम कशाने नासतं आणि नासलं तर त्यातलं काय परत मिळतं, हे मला कुणी सांगितलं नव्हतं. ते मला सांगायचं आहे.

ज्यांना हा खेळ माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. प्रशियाच्या सैन्यात १८२४ साली राइसविट्झ नावाच्या अधिकाऱ्याचा युद्धखेळ अधिकाऱ्यांच्या शिक्षणासाठी घेतला गेला. तो नकाशावर खेळायचा, त्यात बाहुल्या नव्हत्या. एच. जी. वेल्स यांनी १९१३ मध्ये घरातल्या खेळण्यातल्या सैनिकांना घेऊन लढाया कशा कराव्यात याचं ‘लिटल वॉर्स’ नावाचं पुस्तक लिहिलं. पुढे १९७५ मध्ये लंडनला गेम्स वर्कशॉप ही कंपनी निघाली आणि १९८३ मध्ये तिचा वॉरहॅमर हा खेळ आला. त्यात राक्षस, बुटके, सांगाडे, चालती-बोलती झाडं अशा कल्पित फौजा असतात. एकेक सैनिक साधारण २८ ते ३२ मिलिमीटर उंच, बहुतेक प्लॅस्टिकचा, कधी धातूचा किंवा रेझिनचा. तो साच्याच्या चौकटीतून कापायचा, जोडायचा, रंगवायचा आणि मग फुटपट्टी नि फासे घेऊन खेळायचं.

माझा धाकटा भाऊ पुण्यात असतो, तो हे खेळतो. त्याला माझ्याकडून ऐतिहासिक फौज हवी होती, आणि तीही आमच्या वऱ्हाडातलीच. २९ नोव्हेंबर १८०३ ला अकोला जिल्ह्यातल्या अडगावला आर्थर वेलस्लीच्या फौजेने भोसले-शिंद्यांच्या फौजेचा पराभव केला आणि १५ डिसेंबरला गाविलगड घेतला. किल्लेदार बेनीसिंग त्या दिवशी मारला गेला. जगभर या मोहिमेच्या फौजा रंगवणारे लोक आहेत. पण गाविलगड मी लहानपणापासून पाहत आले आहे. त्या तटाशी पडलेल्या बहुतेकांची नावंसुद्धा आपल्याकडे उरली नाहीत. त्यांना टेबलावर मांडून पुन्हा मारणं माझ्याच्याने होणार नव्हतं. म्हणून मी झाडांची फौज घेतली: चालणारी झाडं, सालीचं चिलखत घातलेली माणसं आणि सांबरासारख्या शिंगांच्या प्राण्यावर बसलेले स्वार. कल्पनेतली फौज असली म्हणजे कुणाचं काही दुखत नाही, असं मी धरून चालले होते. हेही चुकीचं होतं, पण ते पुढे येईल.

सुरुवातीच्या चुका सगळ्यांच्याच होतात तशा झाल्या. साच्यातून सुटून यावं म्हणून रेझिनच्या तुकड्यांना जो ओशट हात लागलेला असतो तो साबणाच्या कोमट पाण्याने धुवायचा असतो. मी धुतला नाही आणि रंग सालपटासारखा निघून आला. ॲक्रिलिक रंग पाण्याने पातळ करून दोनदा द्यायचा असतो. मी बाटलीतून काढला तसा दिला आणि चेहऱ्यांवरच्या खाचा बुजल्या. बिघडलेला रंग काढायला नेलपॉलिश रिमूव्हर वापरलं. त्यातलं ॲसिटोन पॉलिस्टायरीन प्लॅस्टिकला विरघळवतं, त्यामुळे एका स्वाराचा रंग निघाला आणि त्याबरोबर त्याचं तोंडही गेलं. या चुका एकदाच होतात, कारण नुकसान लगेच डोळ्यांसमोर येतं.

सालीच्या रंगाची चूक मात्र बराच काळ माझ्या लक्षातच आली नाही. झाडांची फौज म्हणून मी सगळ्यांना तपकिरी रंग दिला होता. गडद तपकिरी, त्यावर फिका तपकिरी, कडांना आणखी फिका. काम नेटकं होतं आणि मला ते आवडायचंही. एक दिवस परतवाड्याहून धारणीकडे जाणाऱ्या रस्त्यावर गाडी बंद पडली आणि मी बराच वेळ नुसती झाडांकडे बघत उभी राहिले. त्या रानात तपकिरी झाड मला जवळजवळ दिसलंच नाही. सागाची साल राखाडी, तिच्यावर पिवळसर झाक. धावडा गुळगुळीत आणि पांढुरका. ऐनाची साल काळपट, मगरीच्या पाठीसारख्या चौकोनी तुकड्यांत तडकलेली. कांडोळ तर इतका पांढरा की पानं गळल्यावर डोंगराच्या कडेला तो एकटाच उठून दिसतो. कुसुंबाची नवी पालवी लालभडक, आणि पळस फुलला की त्याच्यावर हिरवा रंग शोधावा लागतो. हे सगळं मी रोज शाळेत जाता-येता पाहत होते आणि घरी येऊन पुस्तकातलं झाड रंगवत होते. सेमाडोहला राहून मी सेमाडोहला नसल्यासारखं काम करत होते. पुढच्या सगळ्या चुका याच एका चुकीतून आल्या असं आज मला वाटतं.

फौज पुन्हा रंगवली. मोठ्या झाडाला कांडोळाचा पांढरा रंग दिला आणि खाचांत जांभळट छाया सोडली. सैनिकांचे गट सालींप्रमाणे केले: धावड्याचे, ऐनाचे, सागाचे. ऐनाच्या सालीसाठी काळ्यावर राखाडी रंगाचा कोरडा ब्रश फिरवला. म्हणजे ब्रश रंगात बुडवून फडक्यावर जवळजवळ सगळा पुसून टाकायचा आणि उरलेला रंग फक्त उंचवट्यांना लागू द्यायचा. तडकलेली साल आपोआप उभी राहिली. इतकं चांगलं काम माझ्या हातून आधी झालं नव्हतं आणि त्याचा मला फार आनंद होता.

राहिलं होतं वार्निश. या खेळात वार्निश चैनीचं नसतं. प्रत्येक सैनिक दर खेळीला बोटांत धरून उचलावा लागतो. घाम आणि बोटांचं तेल रंगात उतरतं, आणि नाक, भाल्याचं टोक, शिंगं अशा ठिकाणचा रंग आधी जातो. सावंतवाडीचे चितारीही गंजिफेचे पत्ते याचसाठी लाखेने झाकत आले आहेत. दशावतारी गंजिफेची १२० गोल पानं पिसताना एकमेकांवर घासतात, हातोहात फिरतात, आणि लाखेच्या थराखाली मत्स्य-कूर्म सुखरूप राहतात. खेळायच्या वस्तूला हात लागणारच हे त्या चितारींनी गृहीत धरलेलं आहे. लघुमूर्तींना मात्र गंजिफेसारखी चकाकी चालत नाही. सैनिक चकाकला की ब्रशने केलेली छाया-उजेडाची सगळी मेहनत त्या चकाकीत दिसेनाशी होते. म्हणून शेवटचा हात मॅट वार्निशचा.

श्रावण होता. राखीला भाऊ अमरावतीला यायचा होता, आणि रंगवलेली फौज त्याच्यासमोर मांडायची असं मी ठरवलं होतं. सेमाडोहला त्या दिवसांत सिपना गढूळ होऊन वाहते, भिंतींना ओल येते, काडेपेटी पेटत नाही, कपडे वाळत नाहीत. स्प्रे-कॅनवर कोरड्या हवेत वापरा असं लिहिलेलं होतं आणि मी ते वाचलंही होतं. एका दुपारी पाऊस थांबला. ऊन पडलं नव्हतं, पण पागोळ्या बंद झाल्या होत्या. पाऊस थांबला म्हणजे हवा कोरडी झाली, अशी माझी समजूत. खरं तर नुकताच पाऊस पडून गेलेला असतो तेव्हा हवा पाण्याने अगदी भरलेली असते. इतकी साधी गोष्ट शाळेत मुलांना शिकवणाऱ्या बाईला त्या दुपारी आठवली नाही.

ओसरीवर पाटावर सगळी फौज मांडली. एकाही सैनिकावर आधी करून पाहिलं नाही. कॅन जेमतेम हलवला आणि अख्ख्या पाटावरून फिरवला.

ओलं असताना सगळं सुंदर दिसलं. मी आत जाऊन चहा ठेवला. बाहेर आले तेव्हा सालींवर एक पांढरी साय धरत होती. वाटलं, थर पातळ पडला असेल, म्हणून वरून आणखी एक हात मारला. पांढरेपणा दाटला. मग घाबरून केस वाळवायचा ड्रायर आणून गरम हवा दिली, त्याने वरचा पापुद्रा वाळला आणि आतलं आतच राहिलं. संध्याकाळपर्यंत ऐनाची काळी साल, कुसुंबाची लाल पालवी, स्वारांच्या डोळ्यांचे टिपके, सगळं पिठात बुडवून काढल्यासारखं झालं होतं. त्या रात्री मी जेवले नाही. कुणाला हे मोठं दुःख वाटणार नाही, पण पावसाळा लागल्यापासूनच्या माझ्या सगळ्या संध्याकाळी त्या पाटावर होत्या.

नंतरच्या दिवसांत मी जे केलं ते त्याहून वाईट. पांढऱ्या पडलेल्या वार्निशवर तेलाचं बोट फिरवलं की ते पारदर्शक होतं, असं भाऊ पूर्वी एकदा फोनवर म्हणाला होता. त्याच्या ओळखीचे लोक ऑलिव्ह तेल वापरत. माझ्या घरात ते नव्हतं. जवसाचं तेल होतं, कारण आमच्या वऱ्हाडात जवस घरोघरी. तेही तेलच, असा मी विचार केला. बोट फिरवलं आणि खरोखर रंग परत दिसू लागले. इतका आनंद झाला की मी सगळ्या स्वारांना आणि मोठ्या झाडाला तेल लावून टाकलं. जवसाचं तेल इतर तेलांसारखं नसतं. हवेतला प्राणवायू घेऊन ते हळूहळू घट्ट होतं, म्हणून तर तैलचित्रं रंगवणारे ते शतकानुशतकं वापरत आले आहेत. कच्चं तेल पावसाळ्यात वाळायला फार वेळ लागतो, तोवर ते चिकट राहतं, आणि वाळलं की पिवळं पडतं. स्वारांवर धूळ बसली, कापसाचे तंतू चिकटले, एक मुंगीही अडकली. कांडोळाच्या पांढऱ्या सालीचा रंग जुन्या कागदासारखा झाला.

राखी तशीच गेली. भावाला मी फौज तयार नाही एवढंच सांगितलं, खरं कारण सांगितलं नाही. त्याला आधीच दाखवली असती तर पुढचं नुकसान टळलं असतं, कारण चकचकीत वार्निशचा उपाय त्याला माहीत होता. लाजेपोटी मी महिनाभर पेटी उघडलीच नाही.

उत्तर मिळालं ते परतवाड्यात. परतवाडा सागवानाची बाजारपेठ, तिथे फर्निचरची कामं पिढ्यान् पिढ्या चालतात. शाळेच्या कपाटासाठी एका सुताराकडे गेले होते. तिथे म्हातारे पॉलिशवाले काका नुसते बसलेले. काम नाही का, असं विचारलं तर म्हणाले, “मॅडम, पान्यापावसात पॉलिश मारतं का कोनी? पांढरं फट पडते थे. म्या त आखाड-सावनात बोया हातातच घेत नाई.”

मी पर्समधून एक सैनिक काढून त्यांच्या हातावर ठेवला. त्यांनी तो चष्म्याजवळ नेला, नखाने खरवडला आणि विचारलं, “पाऊस थांबल्यावर मारलं ना?” मग कोपऱ्यातली स्पिरिटची बाटली घेऊन माझ्या तळहातावर दोन थेंब टाकले. “गार लागलं? स्पिरिट उडते तवा गारवा करून उडते. मंग त्या गारव्यावर हवेतलं पानी बसते. वरून पॉलिश वाळते, पानी अंदर. धुकं पकडलं तुमी मॅडम, धुकं.”

याहून नेमकं मला कुणी समजावलं नाही. कॅनमधला द्रव झपाट्याने उडतो आणि पृष्ठभाग थंड करतो. दाबाखालचा वायू बाहेर पडतानाही गारवा येतो. हवा दमट असली की त्या थंड पृष्ठभागावर सूक्ष्म थेंब जमतात, वार्निशची पातळ साय त्यांना आत धरून वाळते आणि प्रकाश सगळीकडे विखुरला जाऊन पांढरं दिसतं. त्यात मॅट वार्निशची स्वतःची अडचण आहे. चकाकी मोडण्यासाठी त्यात सिलिकासारखी अतिबारीक भुकटी मिसळलेली असते आणि ती तळाशी बसते. कॅन नीट हलवला नाही तर कधी नुसतं राळेचं द्रावण येतं आणि कधी भुकटीचा लोट. थर जाड झाला की ती भुकटीही पांढरी दिसते. म्हणजे माझ्या दुसऱ्या हाताने धुकं आणि भुकटी दोन्ही वाढवली होती. ड्रायरने तर पाणी बाहेर पडायची वाटच बंद केली.

काकांनी उपायही सांगितला, त्यांच्या धंद्यातला: पांढरं पडलेल्या पॉलिशवर स्पिरिटचा हलका हात फिरवायचा, साय पुन्हा सैल होते, धुकं निघून जातं. लाखेच्या पॉलिशला हे लागू आहे, कारण लाख स्पिरिटमध्ये विरघळते. इथे मी पुन्हा घाई केली. त्यांच्याकडून चपडा लाख आणि स्पिरिट घेऊन आले. पळस आणि कुसुंब ही लाखेच्या किड्याची झाडं, आणि माझी फौज याच रानाची. सावंतवाडीच्या चितारींचं वार्निश माझ्या फौजेला, ही कल्पना मला इतकी भावली की मी रसायनाचा विचारच केला नाही. गंजिफेचे पारंपरिक रंग आणि माझे ॲक्रिलिक रंग एक नव्हेत. वाळलेलं ॲक्रिलिक पाण्याला दाद देत नाही, पण स्पिरिटने मऊ पडतं. ब्रशचा दुसरा फटकारा मारताच लाल पालवी राखाडी सालीवर ओघळली. यात काकांचा काहीच दोष नव्हता. मी त्यांना रंग कोणता आहे हे सांगितलंच नव्हतं.

शेवटी दिवाळीत भावासमोर पेटी उघडली. तो हसला नाही. त्याने एक सैनिक घेतला, चकचकीत वार्निश ब्रशने पातळ लावलं आणि तो खिडकीत ठेवला. ते वार्निश पाण्यात मिसळणारं होतं, त्यामुळे रंग हलला नाही. पांढऱ्या थरातली बारीक पोकळी आणि खडबडीतपणा वार्निशने भरून निघाला आणि ऐनाची काळी साल पुन्हा दिसली, पूर्ण नाही पण बरीचशी. मग दोन दिवसांनी, कोरड्या दुपारी, मॅटचा एक अगदी पातळ हात. बहुतेक पायदळ असं वाचलं. जवसाचं तेल लागलेल्यांवर मात्र दुसरं काही धरेना. त्यांना आयसोप्रोपिल अल्कोहोलमध्ये बुडवून जुन्या टूथब्रशने नागवं करावं लागलं, आणि तेलाचा पिवळा पापुद्रा खाचांतून पूर्ण निघालाच नाही.

यावरून कुणी समजेल की मग उन्हाळा चांगला. मीही तसंच समजले होते. एप्रिलमध्ये अकोल्याला मामांकडे गेले असताना गच्चीवर स्प्रे केला. अकोल्याचा उन्हाळा सांगायला नको, पारा ४५च्या आसपास. त्या हवेत स्प्रेचे थेंब सैनिकापर्यंत पोचायच्या आतच वाळतात आणि चिकटतात ती नुसती भुकटी. हात लावला तर पॉलिशपेपरसारखा खरखरीत. पावसाळ्यात पाणी अडकतं, उन्हाळ्यात थर जुळतच नाही. माझ्या अनुभवाने आमच्या भागात स्प्रेचे दिवस दिवाळीनंतर सुरू होऊन होळीपूर्वी संपतात, आणि मेळघाटात त्यातही सकाळचं दव उतरल्यानंतर ते ऊन कलेपर्यंतच. आता माझ्याकडे हवेची आर्द्रता दाखवणारं लहान यंत्र आहे. काटा साठच्या वर असला तर मी कॅनला हात लावत नाही. पावसाळ्यात वार्निश करायचंच असेल तर ब्रशने, पाण्यातलं, घरात. मॅट त्यातही नीट ढवळून. आणि आधी एकाच सैनिकावर, तोही ज्याच्यावर जीव नाही असा.

वार्निशच्या चुका पैशाच्या आणि वेळेच्या होत्या. दोन चुका वेगळ्या होत्या.

सैनिकांच्या पायाखालच्या चकत्यांवर जमीन करायची असते. मी ओढ्याकाठचं शेवाळ, वाळू, कुजकी पानं आणून चिकटवली. खरं रान खऱ्या रानातूनच यावं असं वाटत होतं. एक वनरक्षक चहाला आले असताना त्यांनी विचारलं, “मॅडम, हे शेवाळ कुठलं?” मी सांगितलं. त्यांनी आवाज न चढवता समजावलं की सेमाडोह व्याघ्र प्रकल्पाच्या हद्दीत आहे आणि इथून काडी उचलायलाही परवानगी लागते. मेळघाट प्रकल्प १९७४चा, देशातल्या पहिल्या नवांपैकी. वन्यजीव संरक्षण कायदा त्याच्याही आधीचा, १९७२चा. शाळेच्या सहलीत मुलांना मी हेच सांगत आले होते: पान तोडू नका, दगड उचलू नका. माझ्या ओंजळभर शेवाळाने वाघाचं काही बिघडलं नसतं असं कुणी म्हणेल. पण मुलांना घातलेला नियम मी स्वतःला घातला नव्हता. पुढे पावसाळ्यात त्या शेवाळावर वार्निशखाली बुरशी आली आणि काही चकत्या फेकाव्या लागल्या. आता अमरावतीहून आणलेला लाकडाचा भुसा रंगवून वापरते.

दुसरी चूक ढालींची. स्वारांच्या ढालींवर काय चिन्ह काढावं हे सुचत नव्हतं. कोरकू लोक आपल्या मृत माणसाच्या स्मरणार्थ सागाचा कोरीव फळा उभारतात, त्याला मुंडा म्हणतात. त्यावर सूर्य, चंद्र, घोड्यावर बसलेला स्वार कोरलेला असतो. रेषा इतक्या मोजक्या आणि ठाम की चित्रकाराने थक्क व्हावं. गावाबाहेरच्या एका मुंड्याचा फोटो मी काढून आणला आणि तो घोडेस्वार बारीक ब्रशने ढालींवर उतरवला. मला ते आदराचंच काम वाटत होतं. मेळघाटची फौज, मेळघाटची खूण.

शाळेत पोषण आहाराचा स्वयंपाक करणाऱ्या मावशी एकदा घरी आल्या. त्या कोरकू. टेबलावरची ढाल त्यांनी उचलली, बराच वेळ पाहिली आणि म्हणाल्या, “मॅडम, हा घोडा तर आमच्या आज्याचा आहे.”

त्या रागावल्या नव्हत्या. त्यांनी फक्त ओळखलं. मी ज्याला नक्षी समजत होते ते एका माणसाचं होतं, आणि त्या माणसाची नात माझ्यासाठी रोज पोळी बाजूला काढून ठेवत होती. गाविलगडच्या मेलेल्यांना खेळात आणायचं नाही म्हणून मी कल्पित फौज निवडली, आणि जे गाव मला सांभाळत होतं त्याच्या मेलेल्या माणसाला विचारल्याशिवाय ढालीवर बसवलं. खेळात त्या ढाली फाशांच्या दानाने मरणार होत्या. मी मावशींची माफी मागितली. फोटो त्यांच्यासमोर पुसला. ढाली एकेक करून तोडून काढल्या. त्यांचं काय करू असं विचारलं तेव्हा त्या म्हणाल्या, “द्या माझ्याजवळ,” आणि पदरात बांधून घेऊन गेल्या. मग बसून त्यांनी मला त्यांच्या आजोबांबद्दल बरंच सांगितलं. ते इथे लिहिण्यासाठी मी त्यांना विचारलेलं नाही, म्हणून लिहीत नाही.

नव्या ढालींवर सागाच्या पानाच्या शिरा आहेत. कीड पान खाऊन टाकते तेव्हा फक्त शिरांची जाळी उरते. दाराशी वाऱ्याने आलेलं तसं एक पान मी समोर ठेवून काढलं आणि काम झाल्यावर तिथेच अंगणात सोडून दिलं. स्वारांच्या अंगावर खाचांत जवसाचा पिवळेपणा अजून आहे. तो झाकायला मी त्यांना सुकलेल्या धावड्याचा रंग देऊन पाहते आहे. पिवळसर राखाडी रंगात तो बराच मिसळतो, फक्त शिंगांच्या बेचक्यांत उठून दिसतो. भावाने झाडांच्या फौजेत घालायला आणखी एक खोकं पाठवलं आहे. त्यातले तुकडे धुऊन, जोडून, प्रायमरचा पहिला हात ब्रशनेच देऊन ठेवले आहेत. रंग श्रावणभर चालेल. वार्निशचा कॅन कपाटात आहे आणि तो मार्गशीर्षाच्या आधी काढायचा नाही.